सनदेची सुट्टी

फिलिपिन्सच्या मध्यभागी सेबू नावाचं एक लांबट बेट आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर सेबू सिटी आणि मंडावे ही दोन शहरं एकमेकांना खेटून उभी आहेत. एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. समोरच्या अरुंद सामुद्रधुनीपलीकडे माक्तान बेटावर तिसरं शहर आहे, लापु-लापु. मंडावेतून तिकडे जायला पूल आहेत. एका शहरात राहायचं, दुसऱ्यात नोकरी करायची आणि तिसऱ्यात मुलांची शाळा, असा संसार इथे नवलाचा नाही.

पण २४ फेब्रुवारीला फक्त सेबू सिटीत सुट्टी असते. १७ जूनला लापु-लापुमध्ये आणि ३० ऑगस्टला मंडावेत. त्या त्या दिवशी एका शहरातल्या कचेऱ्या आणि शाळा बंद असतात, मिरवणूक निघते, नगराध्यक्षांचं भाषण होतं. पुलाच्या दुसऱ्या टोकाला मात्र रोजच्यासारखं काम चालू असतं. हा कोणत्या देवाचा सण नाही, लढाईची आठवण नाही की कुणाची जयंती-पुण्यतिथी नाही. आपलं गाव कायद्याने शहर झालं, एवढ्यासाठी ही सुट्टी. तिला तिथे ‘चार्टर डे’ म्हणतात. आपल्याकडचा जुना शब्द वापरायचा तर सनद दिन.

फिलिपिन्समधल्या बहुतेक प्रत्येक गावाला एक वाढदिवस आधीपासून असतोच. गावच्या संरक्षक संताचा तो दिवस. गोव्यात ज्याला फेस्त म्हणतात, तिथे ती फिएस्ता. गोव्यात ती पोर्तुगिजांबरोबर आली, फिलिपिन्समध्ये स्पॅनिश मिशनऱ्यांबरोबर. त्या दिवशी घरोघरी डुक्कर भाजलं जातं आणि ओळखीपाळखीचा कुणीही जेवायला येतो. शहर झाल्यावर गावाला दुसरा वाढदिवस मिळतो, आणि हा चर्चचा नसतो, सरकारदरबारचा असतो. मला या दुसऱ्या वाढदिवसाचं कुतूहल आहे, कारण ही तारीख कशी ठरली हे पाहत गेलं की त्या गावाला कुणी काय विचारलं आणि काय विचारलं नाही, याचा सगळा इतिहास हाती लागतो.

आधी शब्दांचा एक घोळ सोडवू. सेबूच्या भाषेत, म्हणजे सेबुआनोत, ‘लुंगसोड’ म्हणजे गाव, आणि शहराला ‘दाकबायान’ म्हणतात. मोठं गाव असा त्याचा सरळ अर्थ. मनिलाच्या तागालोगमध्ये मात्र गावाला ‘बायान’ म्हणतात आणि ‘लुंगसोड’ म्हणजे शहर. म्हणजे सेबूतल्या माणसासाठी जे गाव, तेच राजधानीच्या भाषेत शहर. देश एक, शब्द एक, आणि दर्जे दोन.

दर्ज्याचा हा फरक लोकसंख्येवरून ओळखता येत नाही. नुएवा एसिहा प्रांतातलं पालायान हे शहर २०२० च्या जनगणनेत जेमतेम ४५ हजार वस्तीचं होतं. तागालोगमध्ये पालायान म्हणजे भातशेत. प्रांताची नवी राजधानी वसवायची म्हणून १९६५ साली कायदा करून ते शहर म्हणूनच जन्माला घातलं गेलं. उलट मनिलाजवळचं रोद्रिगेस त्याच जनगणनेत ४,४३,९५४ लोकांचं होतं, आणि तरी कागदोपत्री ते गावच होतं. मनिलाजवळच्याच दासमारिन्यास गावाची लोकसंख्या साडेपाच लाखांवर गेल्यावर २००९ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला. शहर कशाला म्हणायचं, हे तिथे वस्ती ठरवत नाही, सनद ठरवते.

सनद कोण देतं? देशाची काँग्रेस म्हणजे संसद. प्रत्येक शहरासाठी वेगळा कायदा होतो, त्याला क्रमांक असतो आणि त्यात हद्दीपासून अधिकाऱ्यांपर्यंत सगळं लिहिलेलं असतं. सनद दिनाची सुट्टीही अशीच ठरते. काही शहरांना ती कायद्याने कायमची मिळाली आहे. बाकीच्यांसाठी राष्ट्राध्यक्षांच्या मालाकान्यांग प्रासादातून दरवर्षी जाहीरनामा निघतो आणि त्यात नेमकं त्या शहराचं नाव असतं. सरकारी भाषेत हा ‘खास बिनकामाचा दिवस’. खासगी नोकरीतल्या माणसासाठी या ‘खास’ला अर्थ आहे. राष्ट्रीय सणाच्या नियमित सुट्टीला पगार मिळतो, पण खास दिवशी काम नाही तर दाम नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. जो कामावर जाईल त्याला त्या दिवसाची मजुरी ३० टक्के जास्त. म्हणजे शहराच्या वाढदिवशी रोजंदारीवरचा माणूस घरी बसला, तर त्या आनंदाची किंमत तोच भरतो. मिरवणुकीचे फोटो पाहताना हे लक्षात असू द्यावं.

आता तारखांकडे येऊ. सेबू सिटीची सनद २० ऑक्टोबर १९३६ रोजी मंजूर झाली, पण वाढदिवस होतो २४ फेब्रुवारीला, कारण १९३७ साली त्या दिवशी नव्या शहराचा कारभार समारंभाने सुरू झाला. दक्षिणेकडच्या दावाओची सनदही ऑक्टोबर १९३६ चीच, पण ‘आराव नङ् दाबाव’ म्हणजे दावाओचा दिवस साजरा होतो १६ मार्चला. कागदावर सही झाली तो एक दिवस आणि चौकात बँड वाजला तो दुसरा. लोकांनी बँडचा दिवस धरून ठेवला, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं.

त्या काळी फिलिपिन्स अमेरिकेच्या छत्राखाली होतं आणि मानुएल केसॉन राष्ट्राध्यक्ष होते. एकामागून एक गावांना सनदा मिळत होत्या: सेबू, दावाओ, साम्बोआंगा, इलोइलो, बाकोलोद. पण एक गोष्ट सनद दिनाच्या भाषणांत क्वचितच येत असेल. या सनदांप्रमाणे शहराचा नगराध्यक्ष राष्ट्राध्यक्ष नेमत असत. सेबू गाव होतं तेव्हा लोक आपला प्रमुख मतदानाने निवडायचे. शहर झालं आणि तो हक्क गेला. सेबू सिटीला लोकांनी निवडलेला पहिला नगराध्यक्ष १९५५ साली मिळाला. दावाओत यामागे एक उघड हेतूही होता. अंबाडीसारखा दोर देणाऱ्या अबाकाच्या मळ्यांमुळे तिथे जपानी वस्ती आणि जपानी जमीनधारणा फार वाढली होती. कारभार मनिलाच्या थेट हाताखाली राहावा, म्हणून गावाला शहर केलं गेलं. म्हणजे मोठेपणा दिला आणि लगाम वर नेला.

बागियोची गोष्ट याहून जुनी. लूझोन बेटावरच्या डोंगरांतलं हे थंड हवेचं ठिकाण अमेरिकनांनी उन्हाळी राजधानी म्हणून वसवलं. शिकागोचे नगररचनाकार डॅनियल बर्नहॅम यांनी आराखडा केला, जॉर्ज माल्कम यांनी सनद लिहिली आणि १ सप्टेंबर १९०९ पासून बागियो शहर झालं. १ सप्टेंबरला तिथे आजही सुट्टी असते. पण त्याच वर्षी, २३ फेब्रुवारी १९०९ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मातेओ कारिन्यो या इबालोइ आदिवासी माणसाच्या बाजूने निकाल दिला होता. त्याच्या कुटुंबाची बागियोतली जमीन पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीत होती. कागद नाही म्हणून ती सरकारची ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. जगभरच्या आदिवासी जमीनहक्कांच्या खटल्यांत हा निकाल अजून दाखवला जातो. शहर व्हायच्या आधी त्या डोंगरावर कोण होतं, याचा पुरावा म्हणून २३ फेब्रुवारी ही तारीख मला १ सप्टेंबरच्या शेजारी ठेवावीशी वाटते. बागियोत आता ती इबालोइ दिन म्हणून पाळलीही जाते.

बाकोलोदमध्ये मात्र सनदेच्या तारखेचं जे झालं, तसं दुसरीकडे कुठे झालेलं मला ठाऊक नाही. नेग्रोस बेटावरचं हे साखरेचं शहर. सनदेवर १८ जून १९३८ रोजी सही झाली, नवा कारभार सुरू झाला १९ ऑक्टोबरला, आणि नेमलेले पहिले नगराध्यक्ष होते आल्फ्रेदो मोंतेलिबानो. पुढे चाळीस वर्षं १९ ऑक्टोबर हा इतर शहरांसारखाच एक दिवस राहिला. मग १९८० साल उजाडलं. जागतिक बाजारात साखरेला उठाव नव्हता, अमेरिकेत मक्याची गोड काकवी साखरेची जागा घेत होती, आणि नेग्रोसमध्ये ऊस सोडला तर दुसरं पीक नव्हतं. त्यातच २२ एप्रिलच्या रात्री मनिलाहून बाकोलोदला निघालेलं ‘डॉन हुआन’ हे प्रवासी जहाज एका तेलवाहू जहाजावर आदळून बुडालं. बरीच माणसं गेली. त्यांत नेग्रोसचीच फार होती.

अशा वर्षी शहराचा वाढदिवस करायचा की नाही? बाकोलोदने तो करायचं ठरवलं. चित्रकार एली सान्तियागो यांनी नाव सुचवलं ‘मासकारा’. इंग्रजीत ‘मास’ म्हणजे लोकसमूह आणि स्पॅनिशमध्ये ‘कारा’ म्हणजे चेहरा. दोन्ही जोडले की मुखवट्याचा शब्दही कानावर पडतो. कागदाच्या लगद्याचे हसरे मुखवटे घालून माणसं १९ ऑक्टोबरच्या आसपास रस्त्यावर नाचली. आज मासकारा हा देशातल्या मोठ्या उत्सवांपैकी एक आहे आणि लोक दूरदूरहून तो पाहायला येतात. मुखवटे आता अधिक भपकेदार झाले आहेत, मणी आणि पिसांनी मढलेले. ते हसणं १९८० साली कशावर पांघरलं होतं, हे माहीत असेल तर तो नाच वेगळा दिसतो. राष्ट्राध्यक्षांनी दिलेली, कुणालाही न विचारता ठरलेली तारीख होती ती. बाकोलोदने दुःखाच्या वर्षी ती आपली करून घेतली.

न विचारता, हे मी मुद्दाम म्हटलं. सेबू, दावाओ, बागियो, बाकोलोद यांपैकी कुठल्याच गावाच्या लोकांना ‘शहर व्हायचं का?’ असं कुणी विचारलं नव्हतं. आज तसं करता येत नाही. १९८७ च्या संविधानाप्रमाणे संसदेने कायदा केला तरी तो पुरत नाही; ज्यांच्यावर परिणाम होणार त्या भागात सार्वमत घ्यावं लागतं आणि बहुमताने ‘हो’ आलं तरच गाव शहर होतं. आणि लोक कधी कधी नाही म्हणतात. केसॉन सिटीतून नोवालिचेस वेगळं शहर करण्याचा कायदा झाला होता. २३ ऑक्टोबर १९९९ च्या सार्वमतात तो पडला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बुलाकान प्रांताच्या मतदारांनी सान होसे देल मोन्ते या शहराला प्रांतापासून स्वतंत्र अशा वरच्या वर्गात जाऊ दिलं नाही. नव्या शहरांचा सनद दिन बहुधा या सार्वमताचाच दिवस असतो. माझ्या लेखी राष्ट्राध्यक्षाच्या सहीच्या दिवसापेक्षा ही तारीख फार मोलाची आहे.

पण गावांना शहर व्हायचं असतं तरी का? मान वाढतो, हे आहेच. नगरसेवक वाढतात, पगार वाढतात. खरं उत्तर मात्र पैशाच्या वाटणीत आहे. १९९१ च्या स्थानिक शासन संहितेप्रमाणे राष्ट्रीय करांतला ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना जातो. या वाट्याचे पुन्हा भाग पडतात: प्रांतांना २३ टक्के, शहरांना २३ टक्के, गावांना ३४ टक्के आणि बारांगाय या सर्वांत खालच्या पातळीला २० टक्के. आकडे वरवर समजूतदार दिसतात. पण शहरं आहेत १४९ आणि गावं दीड हजाराच्या आसपास. नुसता भागाकार केला तरी सरासरी शहराच्या ताटात गावाच्या सहा-सात पट पडतं. शहरांच्या २३ टक्क्यांतला निम्मा वाटा लोकसंख्येप्रमाणे, पाव क्षेत्रफळाप्रमाणे आणि उरलेला पाव सगळ्या शहरांना सारखा वाटला जातो. म्हणजे टिचभर शहरालाही या शेवटच्या पावातला पूर्ण हिस्सा मिळतो. शिवाय शहराला मालमत्ता कराचा दर २ टक्क्यांपर्यंत नेता येतो, प्रांताला १ टक्क्यापर्यंतच. आणि धंद्यावरचे कर गावापेक्षा दीडपटीपर्यंत लावता येतात. हे दोन मुद्दे सार्वमताच्या प्रचारसभेत कमी ऐकू येत असतील, असा माझा अंदाज आहे. शहर झाल्याचा लाभ पालिकेला मिळतो, आणि बिल काही प्रमाणात घरमालकाला व दुकानदाराला येतं.

या वाटणीतच पुढच्या भांडणाचं बीज होतं. १९९१ च्या संहितेत शहर व्हायला वार्षिक २ कोटी पेसो उत्पन्न आणि दीड लाख लोकसंख्या किंवा १०० चौरस किलोमीटर क्षेत्र पुरेसं होतं. नव्वदच्या दशकाअखेर गावांची रांग लागली. एका संसदेच्या काळात ५७ गावांची विधेयकं आली आणि त्यांतली ३३ मंजूर झाली. पंगतीत बसणारे वाढले की प्रत्येकाचा घास लहान होणार, म्हणून २००१ साली सिनेटर आकिलिनो पिमेंतेल यांच्या पुढाकाराने कायदा बदलला आणि उत्पन्नाची अट २ कोटींवरून थेट १० कोटींवर गेली, तीही स्थानिक पातळीवर मिळवलेल्या उत्पन्नाची. २४ गावं दारातच अडकली. त्यांची विधेयकं जुन्या अटीच्या काळात दाखल झाली होती. संसदेला वेळ झाला नाही, एवढाच त्यांचा दोष.

त्यांपैकी १६ गावांनी पुन्हा प्रयत्न केला. यावेळी प्रत्येकाच्या विधेयकात एक कलम घातलं होतं: नव्या अटीतून सूट. २००७ साली संसदेने ही विधेयकं मंजूर केली. राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया मकापागाल-आरोयो यांनी ती फेटाळली नाहीत आणि त्यांच्यावर सहीही केली नाही. तिथल्या नियमाप्रमाणे ३० दिवस सही झाली नाही तर विधेयक आपोआप कायदा बनतं. तसेच हे सोळा कायदे बनले. म्हणून या शहरांच्या बाबतीत सहीची तारीख मुळी अस्तित्वातच नाही. वाढदिवस करायचा तर लोकांनी मत दिलं त्याच दिवशी.

त्यांतलं एक कारकार. सेबू सिटीच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर. सेबूत कारकारचं नाव काढलं की पहिल्यांदा चिचारोन आठवतो, डुकराच्या कातड्याचा फुललेला कुरकुरीत तुकडा. दक्षिणेकडे जाणाऱ्या बसगाड्या कारकारच्या गोल चौकातून जातात, आणि तिथे चिचारोनच्या पिशव्या घेतलेले विक्रेते खिडक्यांशी येतात. बाजारात लेचोन, म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर, वजनावर मिळतं. चपला-बुटांचे घरगुती कारखाने आहेत, १८५९ सालचं ‘बालाय ना तिसा’ हे कौलारू घर आहे, सेंट कॅथरीनचं जुनं चर्च आहे आणि २५ नोव्हेंबरची तिची फिएस्ता. १८९८ च्या गुड फ्रायडेला सेबूच्या बंडाचा पुढारी लेओन किलात याची हत्या इथेच झाली. त्याचा पुतळा गावात आहे. एवढा इतिहास असलेलं हे गाव १ जुलै २००७ रोजी, रविवारी, मतदानाला गेलं आणि ‘हो’ म्हणून परतलं. लुंगसोडचं दाकबायान झालं.

जुन्या शहरांना हे मानवणारं नव्हतं. सोळा नवे जेवणारे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कात्री. शहरांची संघटना, लीग ऑफ सिटीज, सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता: शहर होण्याचे निकष फक्त स्थानिक शासन संहितेत असावेत असं संविधान म्हणतं, मग सोळा गावांना वेगळ्या कायद्यांतून सूट कशी देता येईल? १८ नोव्हेंबर २००८ रोजी न्यायालयाने ६ विरुद्ध ५ अशा निसटत्या बहुमताने सोळाही कायदे घटनाबाह्य ठरवले. कारकार पुन्हा गाव झालं.

२१ डिसेंबर २००९ रोजी त्याच न्यायालयाने निकाल फिरवला. कारकार शहर झालं. २४ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उलटा निकाल आला आणि ते गाव झालं. १५ फेब्रुवारी २०११ रोजी पुन्हा शहर: ही सूट म्हणजे संहितेतलीच दुरुस्ती आहे, असं आता न्यायालयाला पटलं. फिलिपिन्सच्या न्यायालयीन इतिहासात हा खटला कोलांट्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि कायद्याचे विद्यार्थी तो वाचतात. मला त्यात न्यायाधीशांपेक्षा त्या सोळा ठिकाणच्या पालिका-कारकुनांचा विचार जास्त येतो. कागदाच्या माथ्यावर काय छापायचं, अर्थसंकल्प कोणत्या रकमेवर आखायचा, नेमलेल्या माणसांना पगार कशातून द्यायचा? लोकांनी तर एकदाच मत दिलं होतं, आणि ते मत कधी बदललं नव्हतं.

माझं मत विचाराल तर जुन्या शहरांचा कायदेशीर मुद्दा जास्त भक्कम होता. सोळा गावांची तक्रारही तितकीच खरी होती, कारण अट वाढवताना रांगेत उभ्या असलेल्यांचा विचार कुणी केला नाही. दोष वाटणीच्या त्या टक्केवारीचा आहे. २३ आणि ३४ हे आकडे १९९१ साली ठरले तेव्हा देशात साठेक शहरं होती.

निकालांच्या हिशेबाने कारकारचे वाढदिवस मोजून पाहा. १ जुलै २००८ ला ते शहर होतं. १ जुलै २००९ ला न्यायालयाच्या लेखी गाव होतं. १ जुलै २०१० ला पुन्हा शहर. १२ एप्रिल २०११ रोजी फेरविचाराची मागणी फेटाळली गेली आणि २८ जून २०११ रोजी प्रकरण कायमचं मिटलं. त्यानंतर तीन दिवसांनी १ जुलै आला, कारकारचा चौथा वाढदिवस.